पालथ्या सात कवड्या

माझ्या वडिलांकडे सात कवड्या होत्या. त्यांतल्या एकीची कड उडालेली होती, तरी त्यांनी ती कधी बदलली नाही. लाल कापडात बांधलेल्या त्या कवड्या आणि जाड पुठ्ठ्याची एक वही, एवढंच त्यांचं साहित्य. दिवसभर ते गिरणीत मागावर उभे असत आणि संध्याकाळी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी रस्त्याकडच्या खोलीत पाट मांडून लोकांच्या प्रश्नांना कवड्या टाकत. निवृत्त झाल्यावर सकाळीही बसू लागले.

ही हकीकत मी आजवर कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर ऐकणारा म्हणाला असता, "त्यात तुमचा काय दोष? कवड्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांचा दोष." आणि मी ते लगेच कबूल करून मोकळा झालो असतो. मला त्याचीच भीती वाटत आली आहे.

पद्धत आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला वडील आधी पाणी देत. मग कुठून आलात, बसला गर्दी होती का, घरी कोण कोण, असं बोलत बसत. त्यांचं स्वतःचं जेवण झालेलं असल्याशिवाय ते पाटावर बसत नसत. "उपाशी असलो का मी कडू बोलतो," असं म्हणत. प्रश्न सगळ्यांत शेवटी. तो ऐकून झाला की सातही कवड्या दोन्ही हातांच्या ओंजळीत खुळखुळवायच्या आणि पाटावर सोडायच्या. फटीची बाजू वर आली तर कवडी उताणी, पाठ वर आली तर पालथी. उताण्या किती ते मोजायचं. एकही नाही इथपासून सातपर्यंत कुठलाही आकडा येऊ शकतो. हा पहिला डाव. दुसरा डाव ज्याचा प्रश्न असेल त्यानं स्वतःच्या हातानं टाकायचा. दोन डावांचे दोन आकडे झाले की त्या जोडीचं पान वहीत काढायचं. आठ आठे चौसष्ट, अशी चौसष्ट पानं. ती वडिलांनी तरुणपणी त्यांच्या गुरूंच्या वहीवरून उतरवून घेतली होती. एका प्रश्नाला एकच कौल, पुन्हा टाकायच्या नाहीत, हा नियम.

उत्तरं साधीच असत. तीन-चारच्या पानावर होतं, 'काम होईल. उशीर करू नये.' चार-चारला, 'आपलाच माणूस आड येतो, त्यास बोलते करावे.' पाच-तीनला, 'हरवले ते घरातच आहे.' पहिलं पान मात्र वेगळं होतं. ते शून्य-शून्यचं. दोन्ही डावांत सातही कवड्या पालथ्या. त्याला पालथा डाव म्हणत. तिथे लिहिलं होतं: 'ठरलेले मोडावे. पुढे गेल्यास वर्षाचे आत त्या घरी मरण.'

मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो. शिकलेला होतो, आणि वडिलांच्या या कामाची मला लाज वाटत असे. लाज वाटायचं कारण वेगळंच होतं. कवड्या काही सांगत नाहीत असं मला वाटत नव्हतं. मला वाटत होतं, वडील त्यांना सांगू देत नाहीत. रडवेली बाई आली की तिला बरं वाटेल असं पान निघायचं, भांडकुदळ माणूस आला की त्याला चार-चार. फार वाईट पान कधी निघालेलं मी पाहिलं नाही. वडिलांच्या बोटांत काही युक्ती असणार, ओंजळ सोडताना ते एखादी कवडी दाबून धरत असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. दुसरा डाव त्यांच्या हातचा नसतो, एवढी साधी गोष्टही मी लक्षात घेतली नाही. संशय एकदा आला की पुराव्याची गरज राहत नाही, निदान मला राहिली नाही.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं तेव्हा नागपुरात कॉम्प्युटरचे वर्ग निघाले. कचेरी सुटल्यावर मी धरमपेठेतल्या एका वर्गाला जाऊ लागलो. आज्ञा लिहिणं मला लवकर जमलं. त्याच सुमारास बर्डीवर, बाजारातल्या एका गल्लीत, कॉम्प्युटरवर पत्रिका काढून देणारं एक दुकान सुरू झालं आणि तिथे लोकांची रांग लागलेली मी पाहिली. पत्रिकेचं गणित मला येत नव्हतं. पण कवड्यांचं गणित तर घरातच होतं. दोन आकडे आणि चौसष्ट पानं. आणि यंत्राला हात नव्हते. त्याच्या बोटांत युक्ती असण्याची सोय नव्हती. मला खरोखर वाटलं की मी वडिलांच्या विद्येला तिच्यावरच्या डागातून सोडवतो आहे. हे मी आज स्वतःला चांगलं म्हणवून घेण्यासाठी लिहीत नाही. तेव्हा तसंच वाटलं होतं, आणि त्यामुळेच पुढचं घडलं.

मी एक वापरलेला छोटा कॉम्प्युटर विकत घेतला. तो काळ्यापांढऱ्या टीव्हीला जोडायचा आणि त्यातला कार्यक्रम, म्हणजे आज्ञांची यादी, कॅसेटवरून टेपरेकॉर्डरनं भरायचा, किरकिर आवाज करत. कार्यक्रम मीच लिहिला. चार-पाच ओळींचाच होता. यंत्राला सांगितलं, शून्यापासून सातपर्यंतचा कुठलाही एक आकडा काढ. मग तसाच आणखी एक काढ. झालं. यंत्राला मराठी येत नव्हती, म्हणून इतवारीतल्या एका छापखान्यातून वहीतली चौसष्ट उत्तरं चिठ्ठ्यांवर छापून घेतली, प्रत्येकाची सारखी गड्डी. सुताराकडून भिंतीवर लावायला एक लाकडी कप्पाट करवून घेतलं, आठ आडवे आठ उभे असे चौसष्ट खण. पडद्यावर दोन आकडे आले की त्या खणातली चिठ्ठी काढून माणसाच्या हातात द्यायची.

वडिलांना वही मागितली तेव्हा त्यांनी लगेच दिली. म्हणाले, "घे. पन बोलशीन कोन लोकाईशी? मशीन बोलन का?"

"त्यात बोलाचं काय हाय बाबा? लोकाईले उत्तर पायजे."

"हाव," ते म्हणाले. "उत्तर पायजे खरं."

बर्डीवरच्याच एका गल्लीत एका घड्याळजीच्या दुकानाचा मागचा भाग मिळाला. संध्याकाळी कचेरीनंतर आणि सुटीच्या दिवशी मी तिथे बसू लागलो. दुसरा डाव ज्याचा त्यानं टाकायचा ही चाल मी राखली होती. पहिल्या आकड्यासाठी मी बटण दाबायचो, दुसऱ्यासाठी समोरचा माणूस. लोकांना ते फार आवडलं. उन्हाळ्यात खोलीत कूलर होता. काही जण तर गारव्याला बसता यावं म्हणूनच प्रश्न काढायचे. "मशीन हाय बापा, खोटं कायले बोलन?" असं एकमेकांना सांगायचे. हे वाक्य मी कधी दुरुस्त केलं नाही. मलाही तसंच वाटत होतं.

वडीलही अधूनमधून येऊन कूलरजवळच्या खुर्चीत बसत. त्यांच्याकडे येणारी माणसं आता कमी झाली होती. ते कोणाशी बोलत नसत, पडद्याकडे बघत असत. एका रविवारी एक कापड दुकानदार आला, दुकान दुसरीकडे हलवावं का विचारायला. शून्य-शून्य आलं. चिठ्ठी वाचून तो उठला आणि निघून गेला. बाहेर आणखी तिघे-चौघे थांबलेले होते.

वडील म्हणाले, "या महिन्यात हा तिसरा."

"मोजून राहिले का बाबा तुमी?"

"मोजाचं काय त्यात? डोये हायेत नं. पालथा डाव मी अख्ख्या जिंदगीत एकडाव पायला. तोबी माह्या गुरूच्या पाटावर."

"येत असन. मशीन कोनाची बाजू घेत नाही."

"बाजू कोन म्हन्ते गा? मी म्हन्तो, कवड्या अशा पडत नाही."

बाहेरची माणसं आत बघत होती. दुकानाचं नाव नुकतंच होत होतं. मी म्हणालो, "कवड्या पडतच नाही बाबा. तुमी पाडता."

कूलरचा पंखा घरघरत होता. वडिलांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. "बरं," एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं उठून गेले. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत, आणि घरीही त्यांनी पाट मांडला नाही. कोणी आलंच तर म्हणत, "पोरगा पायते आता. बर्डीवर जा."

काटोलकडच्या दोघी मायलेकी अशाच माझ्याकडे आल्या.

दिवाळी होऊन गेली होती. आई साठीच्या जवळची, विधवा, काटोलच्या पुढे एका खेड्यात राहणारी. वीस वर्षं ती वडिलांकडे येत होती. आधी आमच्या घरी जाऊन आली होती आणि वडिलांनी तिला नेहमीचं वाक्य सांगून इकडे पाठवलं होतं. मुलगी एकोणतीस-तीस वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. लहानपणी देवी आल्या होत्या, त्यांचे व्रण चेहऱ्यावर होते. आईनं खुर्चीत बसल्या बसल्या सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. व्रणांमुळे किती स्थळं परत गेली ते सांगितलं. आता एसटीतल्या एका कंडक्टरनं आपणहून मागणी घातली होती. मुलगी रोज शाळेत ज्या गाडीनं जायची त्या गाडीवर तो होता.

"रोज तिकीट देता देता त्यानं पोरगीच मांगली, भाऊ," आई म्हणाली आणि हसली.

"आई वं, चूप ना," मुलगी म्हणाली. तिचा चेहरा मला आठवतो. तिला प्रश्न नव्हता. ती आईच्या समाधानासाठी आली होती.

"बाबाजीच्या हातच्या कवड्या पायजे होत्या मले," आई म्हणाली. "कार्य जमलंच हाय. निस्ता एक कौल घ्याचा, मंग साखरपुडा."

"वही तीच आहे, बाई. फक्त हात बदलला," मी म्हणालो. हे वाक्य मी सगळ्यांनाच म्हणत असे.

मी बटण दाबलं. शून्य. मुलगी पुढे झाली, बटण कुठलं ते विचारलं, आणि एका बोटानं हळूच दाबलं. शून्य.

मी कप्पाटातल्या पहिल्या खणाकडे गेलो. हात तिथे पोचल्यावर थोडा थांबला होता, हे मला कबूल केलं पाहिजे. शेजारच्या खणातली चिठ्ठी काढून दिली असती तर कोणाला कळणार होतं? पण मी तर बोटांतली युक्ती बंद करायला हे दुकान काढलं होतं. मी चिठ्ठी दिली. मुलीनं वाचली आणि आईला वाचून दाखवली नाही. आईनं माझ्याकडून वदवून घेतली.

"आनखीन एकडाव पाहा नं, भाऊ."

"एका प्रश्नाला एकच कौल असतो. बाबांचा नियम आहे."

वडिलांचा तेवढाच नियम मला त्या वेळी आठवला. पाणी देण्याचा आठवला नाही.

महिन्याभरानं आई एकटीच आमच्या घरी आली. डोक्यावर संत्र्यांची टोपली होती, आंबिया बहाराची. मीही घरी होतो. तिनं टोपली उतरवली आणि वडिलांच्या पाया पडली. सोयरीक मोडली होती. मुलीनंच नकार कळवला होता. "वाचलो, बाबाजी," ती म्हणाली. "काय झालं असतं कोनास ठाऊक. तुमची वही होती म्हनून कयलं."

वडिलांनी विचारलं, "कोनता डाव आला होता?"

"पालथा, बाबाजी."

वडिलांनी तिला पाणी दिलं, बस किती वाजता आहे ते विचारलं, आणि टोपलीतलं एक संत्रं हातात घेऊन ती जाईपर्यंत तसेच बसून राहिले. सोललं नाही. ती गेल्यावर मला म्हणाले, "तुले एक विचारू का? तुह्या मशीनमंदी सात कवड्या कोन टाकते?"

"कवड्या नाही त्यात. आकडे हायेत. शून्य ते सात."

"म्हन्जे कवड्या नाहीच."

"कवड्यांचं जे होते तेच होते, बाबा. सोपं केलं निस्तं."

त्यांनी हातातलं संत्रं टोपलीत परत ठेवलं. त्यांना ते कळत होतं, पण सांगता येत नव्हतं, हे मला आज समजतं. तेव्हा मला वाटलं, म्हातारपण. थंडीत त्यांना खोकला धरला, आणि संक्रांतीनंतर आठवड्यातच ते गेले. 'तुमी पाडता' या माझ्या शब्दांबद्दल त्यांनी पुन्हा चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही. मला माफी मागावीशी वाटली नव्हती, कारण मी खोटं बोललो असं मला वाटत नव्हतं.

तेराव्यानंतर सामान आवरताना वही हातात आली. छापखान्याला देताना मी तिची नक्कल करून घेतली होती, पण तेव्हा मजकूर पाहिला होता, पानं नव्हती पाहिली. आता ती मिटलेली वही मी कडेनं पाहिली. मधली पानं काळवंडलेली होती. तेल, घाम, हळदीची बोटं, गिरणीतल्या वंगणाची बोटं. तीन-चारचं पान शिवणीतून सुटून दोनदा खळीनं चिकटवलेलं. पुढच्या आणि मागच्या बाजूला पानं उजळ उजळ होत गेलेली. आणि पहिलं पान कोरं करकरीत, शाई निळी. त्याच्यावर कोणाचं बोट उमटलेलं नव्हतं. शेवटचं, सात-सातचं पानही तसंच.

मी वही घेऊन तसाच दुकानात गेलो. कुलूप उघडून कप्पाटासमोर उभा राहिलो. चौसष्टही खणांतल्या गड्ड्या जवळजवळ सारख्याच उंचीच्या उरल्या होत्या. पहिला खण, मधले खण, शेवटचा खण, सगळे सारखे.

शाळकरी मुलालाही समजेल अशी गोष्ट आहे. सात कवड्या टाकल्या तर तीन-चार उताण्या, तीन-चार पालथ्या, असंच बहुतेक वेळा पडतं. सातच्या सात पालथ्या पडणं विरळा. लागोपाठ दोनदा पडणं म्हणजे एखाद्या माणसाच्या सगळ्या आयुष्यात एखादा दिवस. म्हणून तर ते भयंकर पान पहिलं होतं. ते जवळजवळ कोणासाठीच नव्हतं. मी यंत्राला कवड्या टाकायला सांगितल्याच नव्हत्या. शून्यापासून सातपर्यंतचा एक आकडा उचल, एवढंच सांगितलं होतं, आणि त्याला सगळे आकडे सारखे. वर्षानुवर्षं जे पान उघडलं नव्हतं ते माझ्या दुकानात दर चौसष्ट माणसांमागे एकाच्या हातात पडत होतं. वडिलांच्या बोटांत काही नव्हतं. मी ज्याला त्यांची युक्ती समजत होतो तो कवड्यांचा स्वभाव होता.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली आणि कार्यक्रम नव्यानं लिहिला. सात कवड्या वेगवेगळ्या, प्रत्येकीला उताणं किंवा पालथं पडू दे, मग मोज. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो चालू ठेवून पडद्यासमोर बसलो. आकडे वर सरकत होते. तीन-चार, चार-तीन, तीन-तीन, पाच-चार. शून्य-शून्य एकदाही आलं नाही. संध्याकाळी टीव्हीची पाठ तापली तेव्हा मी तो बंद केला.

आता मला जे लिहायचं आहे ते इथून पुढचं आहे. चूक कोणाच्याही हातून होते. मला ती कळली तेव्हा फेब्रुवारी होता. काटोल बसनं दीड-दोन तासांवर. मी त्या आठवड्यात गेलो असतो, त्या बाईंना सांगितलं असतं की तो कौल कवड्यांचा नव्हता, माझ्या अर्धवट शहाणपणाचा होता, तर सोयरीक पुन्हा जुळू शकली असती; तो कंडक्टर अजून बिनलग्नाचाच होता. मी गेलो नाही. पहिल्या खणातल्या उरलेल्या चिठ्ठ्या मी जाळल्या, नवा कार्यक्रम कॅसेटवर भरला आणि दुकान चालू ठेवलं. जायचं तर काय काय सांगावं लागेल याचा मी विचार करत असे. एकीला सांगितलं की दुसऱ्यांनाही सांगावं लागेल. तो कापड दुकानदार, आणि आणखी कोण कोण, ज्यांची मला नावंही माहीत नव्हती. कचेरीत हसू होईल. पुढच्या रविवारी जाऊ, असं मी दर रविवारी म्हणत होतो. आणि रविवारी दुकानात गर्दी असायची.

उन्हाळ्यात काटोलचं एक गिऱ्हाईक बोलता बोलता म्हणालं की त्यांच्याकडच्या गाडीवरच्या कंडक्टरचं लग्न झालं, वरुडची मुलगी केली. मी विचारून खात्री करून घेतली. तोच होता. त्यानंतर मला काटोलला जायला धैर्य आलं. हे लिहिताना माझा हात थांबतो, पण तसंच आहे. जाऊन काही बदलणार नव्हतं, तेव्हा मी गेलो.

जून लागला होता, शाळा उघडायच्या होत्या. मी कवड्या शर्टाच्या खिशात घेतल्या होत्या. का घेतल्या, मला सांगता येत नाही. आईनं दारातच ओळखलं. "बापा! भाऊ आले! या जी, या." बाबाजी गेल्याचं तिला कळलं होतं. पदर डोळ्यांना लावला, मला पाटावर बसवलं आणि पोहे करायला आत गेली. मुलगी ओसरीवर लोणच्याच्या कैऱ्या आडकित्त्यानं फोडत होती. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. कवड्यांचं, यंत्राचं, वहीच्या पहिल्या पानाचं. फेब्रुवारीचंही सांगितलं. ती कैऱ्या फोडायची थांबली नाही.

मी खिशातून पुरचुंडी काढली. तिनं ओल्या हातांनीच ती सोडवली आणि कवड्या तळहातावर घेतल्या.

"सातच हायेत?"

"सात."

"आन तुमच्या मशीनमंदी?"

"एकही नव्हती."

तिनं मान हलवली, वर्गात पोरानं उत्तर सांगितल्यावर हलवावी तशी. मला वाटलं, ती त्या टाकेल. टाकल्या नाहीत. कड उडालेल्या कवडीवरून अंगठा फिरवला आणि सगळ्या परत कापडात बांधल्या.

"मले माह्या जिवाचं काही नव्हतं वाटलं," ती म्हणाली. "त्या घरी मरन म्हन्जे त्याचं असन, असं वाटलं. म्हनून मी नाही म्हन्लं. त्याले कारन नाही सांगतलं. सांगतलं असतं तं त्यानं ऐकलंच नसतं."

मी म्हणालो, "माझी चूक झाली."

"गाडी तेच हाय," ती म्हणाली. "दुसरी गाडी शाळेच्या टायमाले नाही. मी पास काढला जी आता. तिकीट मांगा लागत नाही."

आई पोहे घेऊन आली. मी उठून तिलाही सांगायला तोंड उघडलं असावं, कारण मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली. नको म्हणून.

"भाऊ," आई म्हणाली, "तुमच्यापायी माही पोरगी वाचली. मी रोज दिवा लावतो तवा बाबाजीचं नाव घेतो, तुमचंबी घेतो."

"पोहे खा जी," मुलगी म्हणाली. "थंडे होऊन राहिले."

मी खाल्ले. पुन्हा घेतले. निघताना आईनं ताज्या लोणच्याची एक बरणी हातात दिली. मी ती घेतली, कारण न घेण्याचं कारण सांगता आलं नसतं.

परतीची बस दुपारची होती. कंडक्टर पस्तिशीचा असेल, खाकी कपडे घामानं पाठीला चिकटलेले, बोलका. म्हाताऱ्यांना हात देऊन वर घेत होता. तो तोच होता की नाही, मला माहीत नाही. त्या रस्त्यावर कंडक्टर पुष्कळ असतील. माझ्याजवळ येऊन त्यानं विचारलं, "कुठं जी?" मी त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिलो की त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "नागपूर."

दुकान मी त्यानंतरही वर्षभर चालवलं. मग यंत्र विकून टाकलं. कप्पाट घरी आहे, त्यात खिळे, सुतळ्या, जुनी औषधं पडलेली असतात. पहिल्या खणात मी काही ठेवत नाही. कवड्या त्यांच्या जागी आहेत, कोणी टाकत नाही.

परतीच्या त्या बसचं तिकीट मी वहीच्या पहिल्या पानात ठेवलं आहे. ते बघायला मी वही उघडतो. त्या पानाच्या कडेला आता बोटांचे डाग पडू लागले आहेत. माझ्याच.